उंबरपाडा फीडरची माणसं

हिरामण गेला ती वेळ चैतालीला मिनिटासकट पाठ होती, कारण ती तिनेच वहीत लिहिली होती. दुपारी दोन एकोणचाळीस, उंबरपाडा फीडर चालू. सुवाच्य अक्षर, शेजारी सही. त्याच्या खालच्याच ओळीत, दोन चाळीस, फीडर ट्रिप. फीडर आपोआप बंद पडल्याची ही दुसरी ओळ लिहिताना तिला वाटलं होतं, कुठेतरी फांदी पडली असेल.

हरसूल सोडून रस्ता डोंगर चढायला लागतो तिथे विजेचं एक उपकेंद्र आहे. तारेचं कुंपण, आत खडीवर उभे दोन ट्रान्सफॉर्मर आणि एका खोलीत भिंतीला लावलेली पॅनेलं. तिथून चार फीडर, म्हणजे चार दिशांनी निघालेल्या मुख्य तारा, गावा-पाड्यांना वीज नेतात. त्यातला उंबरपाड्याचा सगळ्यांत लांब. बावीस किलोमीटर, तेही दऱ्या ओलांडत, सागाच्या रानातून. चैताली पगारे त्या खोलीत बसणारी ऑपरेटर. तारेवर काम निघालं की तिने फीडरचा ब्रेकर बंद करायचा. मग माणसांनी खांबावर चढायचं, काम उरकून उतरायचं, फोन करायचा आणि तिने ब्रेकर चालू करायचा. सांगायला एवढंच काम. पण तारेवरच्या माणसाचा जीव त्या वेळापुरता तिच्या मुठीत असायचा, आणि ती माणसं तिला तिथून दिसतही नसत.

ती मूळची नाशिकरोडची. वडील अंबडला कारखान्यात लेथवर होते, आई शकुबाई अंगणवाडीत मदतनीस. चैताली हरसूलला खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला घरी जायची. तीन वर्षांत तिचं आणि लाइनवरच्या गँगचं असं जमलं होतं, की आजूबाजूच्या उपकेंद्रांत त्यांचं नाव निघायचं. गँगचा मुख्य रंगनाथ, चांदवडकडचा, घरची कांद्याची शेती भावावर सोपवून पंचवीस वर्षं खांबावर चढणारा. शेखर नाशिकचा, चैतालीच्याच वयाचा, तोंडाचा पट्टा बंद न होणारा. आणि बारकू आणि हिरामण, दोघे चुलतभाऊ, दोघे उंबरपाड्याचेच, दोघे कंत्राटी.

सुरुवातीला रंगनाथ फोनवर पुस्तकातल्यासारखं सगळं म्हणायचा. काम पूर्ण झालं, अर्थिंग काढलं, माणसं खाली उतरली, सप्लाय द्या. वर्षभरात त्याचं झालं, "माणसं खाली, द्या सप्लाय." पुढे नुसतं, "झालं ताई." चैतालीलाही ते पुरायचं. रंगनाथ "झालं" कसं म्हणतो त्यावरून तिला कळायचं, दमलाय की खुशीत आहे, काम पक्कं झालंय की जेमतेम. कधीकधी त्याचे हात गुंतलेले असले तर हिरामण फोन करायचा. त्याला ती उभ्या आयुष्यात दोनदाच भेटली होती, पण आवाज शंभरदा ऐकलेला. खालच्या पट्टीतला, सावकाश. "ताई, हिरामण बोलतोय. दम धरा, अजून वरच हाय मी." आणि मग वाऱ्याचा आवाज.

सगळ्यांत कमी वेळात वीज परत आणणारी तुकडी म्हणून कंपनीने त्यांना प्रशस्तिपत्रही दिलं होतं. ते खोलीत पॅनेलच्या वर लावलेलं होतं.

त्या ऑक्टोबरात एका दुपारी दोन खांबांवर काम होतं. एक ओढ्याजवळचा, दुसरा वर टेकडीवरचा. अर्थिंगचा संच एकच. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तारेला लावतात तो. खालच्या खांबाचं काम संपलं, शेखरने संच काढला आणि तो घेऊन चढणीला लागला. हिरामण वाट न बघता पुढे जाऊन वरच्या खांबावर चढला होता, कारण लाइन बंदच होती. रंगनाथने फोन लावला. तो म्हणाला, "इथलं झालं ताई, आता वरच्या पोलचं घेतो." टेकडीआड रेंज तुटत होती. चैतालीच्या कानापर्यंत जे पोहोचलं ते इतकंच, "...झालं ताई."

तिने ब्रेकर फिरवला.

चौकशी झाली. दोन साहेब आले, सगळ्यांचे जबाब झाले. संच एकच का होता, हिरामण थांबला का नाही, रंगनाथने पूर्ण वाक्य म्हटलं का, चैतालीने पूर्ण वाक्य ऐकलं का. प्रत्येकाची चूक टाचणीएवढी निघाली. शेवटी अहवालात लिहिलं गेलं, 'संवादातील त्रुटी.' कोणालाच शिक्षा झाली नाही. शकुबाई म्हणाली, "सुटलीस बाई." शिक्षा झाली असती तर ती कधीतरी भोगून संपली असती, हे आईला सांगून कळलं नसतं.

त्यानंतर गँगने फोनवर जास्तीचा शब्द टाकणं बंद केलं. रंगनाथ आता कागदावर लिहून आणलेलं वाचून दाखवायचा, शब्दन् शब्द. चैतालीही वाचून दाखवायची. तरी दोघांचा एकमेकांवर विश्वास बसत नसे. ती दोनदा विचारायची, तो दोनदा सांगायचा, मग पुन्हा फोन करून खात्री करायचा, आणि त्या तिसऱ्या फोनने ती ब्रेकरवरचा हात मागे घ्यायची, की याने आता का केला? तासाच्या कामाला तीन तास लागायला लागले. शेखरची बडबड आटली. बारकू तर तिच्याशी एक अक्षर बोलत नसे. लाइन बंद ठेवायच्या परमिटच्या कागदावर सही करायला उपकेंद्रात आला की दारातच उभा राहायचा, चपला न काढता, तिच्या डोक्यावरच्या प्रशस्तिपत्राकडे बघत. एक दिवस तिने ते उतरवून कपाटात ठेवलं.

आवाज पहिल्यांदा आला तो दिवाळीनंतर. भर दुपारी. रंगनाथ फोनवर आपला कागद वाचत होता आणि त्याच्या आवाजाच्या मागे, जरा लांबून, वाऱ्यातून आल्यासारखं कोणीतरी म्हणालं, "ताई, अजून वरच हाय मी."

चैतालीने लिहिणं थांबवलं. "रंगनाथभाऊ, मागे कोण आहे?"

"बारकू हाय. शेखर हाय. का?"

"काही नाही."

त्या दिवशी तिने ब्रेकर फिरवला, पण तो फिरवायला तिला पंधरा मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात आवाज तीनदा आला. दरवेळी उंबरपाडा फीडरवरच आणि दरवेळी शेवटच्या क्षणी. सुट्टीला घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. शकुबाईने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्यात भूत-बित मानत नाहीत, चैताली. तुझ्या आज्याने तसलं सगळं घराबाहेर काढलं." मग थोड्या वेळाने, "झोप नीट होत नसेल तुझी." दोघी संध्याकाळी विहारात जाऊन बसल्या. चैतालीला तिथे बरं वाटलं. तिने आईच्या मैत्रिणीच्या ओळखीने अंबडच्या उपकेंद्रात बदलीचा अर्जही लिहिला. पण सोमवारी हरसूलची एसटी घाट चढायला लागली तसे तिचे कान आपोआप टवकारले गेले.

जानेवारीत कनिष्ठ अभियंता आयुष देवरे यांनी प्रशिक्षण ठेवलं. आयुष सव्वीस वर्षांचा होता, हुद्द्याने साहेब, पण रंगनाथसमोर अजून अवघडल्यासारखा उभा राहायचा. नाशिकहून सृष्टी मॅडम आल्या. कारखान्यांतल्या तुकड्यांना एकत्र काम कसं करावं ते शिकवणाऱ्या. सोबत प्लास्टिकचे पेले, चेंडू आणि एक लांब दोर. पेल्यांचे मनोरे झाले, चेंडू झाले, लोक कसेनुसे हसले. मग त्यांनी चौघांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या, हातात दोर दिला आणि सांगितलं, "एकमेकांशी बोलून याचा चौकोन करा. प्रत्येकाने एक कोपरा धरायचा."

रंगनाथ म्हणाला, "मी हितं हाय." शेखर म्हणाला, "मी तुमच्या उजवीकडे." बारकूने समोरून दोर ओढून आपली जागा दाखवली. चैतालीने दोर चाचपत विचारलं, "मग चौथा कोपरा माझा का?"

दोर एकदम सैल पडला. तिने पट्टी वर केली तर बारकू दोर टाकून दाराकडे निघाला होता. "चौथा कोपरा त्याचा होता," तो कोणाकडेच न बघता म्हणाला आणि बाहेर गेला.

सृष्टी मॅडमना कोणीच काही सांगितलं नव्हतं. आयुषने तेव्हा सांगितलं. त्या बराच वेळ दोर गुंडाळत बसल्या. नंतर पेले, चेंडू सगळं पिशवीत भरून त्या बाहेर ओट्यावर बारकूच्या शेजारी जाऊन बसल्या. बाकीचेही हळूहळू तिथे जमले.

"माझ्याकडे यावर खेळ नाही," त्या म्हणाल्या. "एक विचारते. मॅडम, तुम्ही तो खांब कधी बघितलाय?"

चैतालीने नकारार्थी मान हलवली.

"आणि तुम्ही? त्या खोलीत बसून ब्रेकर चालू करताना यांना नक्की काय दिसतं, हे तुम्ही कोणी बघितलंय?"

"सह्या करायला येतो की," शेखर म्हणाला.

"सह्या नाही हो. दिवसभर शेजारी बसून?"

शेखरने रंगनाथकडे बघितलं.

"तीन वर्षं तुम्ही एकमेकांना न बघता काम करत होतात आणि ते इतकं चांगलं जमत होतं, की बघायची गरजच वाटली नाही. मी अशा तुकड्या पुष्कळ बघते. ज्यांचं जमत नाही त्या विचारत राहतात. ज्यांचं जमतं त्या विचारायचं सोडतात." त्या उठल्या. "आधी जाऊन बघा. बाकीचं तुमचं तुम्हाला सुचेल."

पुढच्या आठवड्यात रंगनाथ एक अख्खा दिवस चैतालीच्या खोलीत बसला. पॅनेलसमोर खुर्ची टाकून. तिने उंबरपाड्याच्या पॅनेलवर बोट ठेवलं. एक लाल दिवा, एक हिरवा दिवा, एक काटा.

"एवढंच?"

"एवढंच."

"आम्ही कुठं हाय, किती जण चढलोय, काय नाय दिसत?"

"नाही. तुमचा फोन, तेवढंच."

रंगनाथने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला वाटायचं, काहीतरी दिसत असंल तुम्हाला. एवढी मशिनं हायेत भिंतीला." तो दिवसभर त्या दोन दिव्यांकडे बघत बसला. जाताना मात्र म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी थांबून परत फोन करायला पाहिजे होता. रेंज तुटली हे मला कळलं होतं. म्हटलं, ताईला समजतं."

"मला समजतं असं मलाही वाटायचं," चैताली म्हणाली.

त्यानंतर ती लाइनवर गेली. आयुष साहेबांनी तिच्या जागी दुसरा ऑपरेटर दिला. ओढा, सागाचं रान, नागली काढून झालेली उतरणीची वावरं. प्रत्येक खांबापाशी शेखर थांबायचा आणि सांगायचा, इथे रेंज येते, इथे येत नाही, इथून हाक मारली तर पलीकडे ऐकू जातं, इथून नाही. तिने वहीत बावीस किलोमीटरच्या खांबांचा नकाशा काढला. टेकडीवरचा खांब आला तेव्हा कोणी सांगायची गरज पडली नाही. साधा खांब होता. वर नवं पांढरं इन्सुलेटर, बाकी जुनी तपकिरी. चैतालीने मान वर करून बघितलं. इतक्या उंचावरून तो म्हणायचा, दम धरा. तिने आजवर त्याला मनातल्या मनात जमिनीवरच उभा केला होता.

खांबाच्या खाली, हाकेच्या अंतरावर, कारवीच्या कुडाचं एक घर होतं. बारकू तिकडे वळला आणि पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. "चला."

हिरामणची बायको लंकाबाई अंगणात वरई पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि चैतालीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तूच का ती फोनवरची ताई?"

"हो."

"तो सांगायचा तुझं. म्हणायचा, तिकडं एक ताई हाय, ती घाई नाय करत." लंकाबाईचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "मग त्या दिवशी का केली?"

चैतालीला चौकशीत हाच प्रश्न वीस प्रकारे विचारला गेला होता आणि तिने त्याची वीस उत्तरं दिली होती. त्यातलं एकही आता तोंडात येईना. "मला वाटलं, सगळे खाली आहेत," ती म्हणाली. "मी विचारलं नाही."

"विचारलं नाय." लंकाबाईने ते शब्द तोंडात घोळवून बघितले. मग ती आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली. "माफ-बिफ करणं मला जमायचं नाय. उन्हातनं आलीस, पाणी पी."

चैताली पाणी प्यायली. परतताना उताराला लागेपर्यंत तिला रडू आलं नाही, आणि मग आलं ते ओढ्यापर्यंत थांबलं नाही. रंगनाथ आणि शेखर पुढे चालत राहिले. बारकू मागे राहिला, दहा पावलांवर, ती पुढे झाल्याशिवाय न हलता.

नवी पद्धत कोणी कागदावर लिहून दिली नाही. ती हळूहळू पडत गेली. आता रंगनाथने एकट्याने 'झालं' म्हणायचं नाही. फोन हातोहात फिरायचा. ज्याने त्याने आपल्या तोंडाने आपलं नाव सांगायचं आणि आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं. "रंगनाथ. खाली, ओढ्याच्या पोलजवळ." "शेखर. खाली, पोलच्या पलीकडे." "बारकू. खाली." चैताली नकाशावर बोट ठेवून एकेक नाव परत म्हणायची. सगळी नावं झाली की ती थोडं थांबायची. दहा-वीस सेकंद. का थांबते ते तिने सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. तेवढा वेळ फोनवर फक्त वारा असायचा. मग ती म्हणायची, "देते." अर्थिंगचा दुसरा संच आयुषने तीन पत्रं लिहून मागवला. तो आला त्या दिवशी शेखरने सगळ्यांना भेळ खाऊ घातली. फेब्रुवारीत कामाचा वेळ पूर्वीइतका कमी झाला नाही, पण तीन तासांवरून दीडवर आला.

मार्चच्या शेवटी वावटळ सुटली आणि सागाची दोन झाडं तारेवर आली. अकरा वाजता परमिट घेतलं, दोन वाजता फोन आला. उंबरपाड्याची पाण्याची मोटर बंद होती, बायका टाकीपाशी हंडे लावून बसल्या होत्या, सरपंचांचे सकाळपासून सहा फोन येऊन गेले होते.

"रंगनाथ. खाली, सागाच्या वळणावर."

"शेखर. खाली, त्यांच्या शेजारीच."

"बारकू. खाली."

चैताली थांबली. वारा ऐकू येत होता. आणि त्या वाऱ्यात, स्पष्ट, खालच्या पट्टीत, सावकाश, "ताई, अजून वरच हाय मी."

तिचा हात ब्रेकरवरून खाली आला. यापूर्वी तिने दरवेळी कोणाला न सांगता काम उरकलं होतं. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, "रंगनाथभाऊ, वर कोणीतरी आहे."

ती वाट बघत होती की तो चिडेल, म्हणेल की आम्ही तिघंच हाय, नावं सांगितली ना.

रंगनाथने विचारलं, "कोणत्या पोलवर?"

तिने नकाशावर बोट फिरवलं. "माहीत नाही."

"बरं. बघून येतो."

तिघांनी लाइन वाटून घेतली आणि तुटलेल्या ठिकाणापासून दोन्ही बाजूंना ते खांब न् खांब बघत निघाले. एक तास झाला. सरपंचांचा फोन आला, तिने घेतला, बोलणी खाल्ली. आयुषचा आला.

"मॅडम, काम संपलंय असं कळतंय. सप्लाय का थांबलाय?"

"लाइनची तपासणी चालू आहे साहेब."

"कारण?"

"कारण मी नंतर सांगते. आत्ता नाही सांगता येणार."

आयुषने पुन्हा कारण विचारलं नाही. "माणसं सुरक्षित आहेत?"

"तेच बघतायत."

सव्वाचारला रंगनाथचा फोन आला. धापा टाकत होता. "कोणीच नाय ताई. सगळे पोल मोकळे. झाडावर पण बघितलं. आकडा टाकायला कोणी चढलाय का तेबी बघितलं. कोणी नाय."

"माफ करा," चैताली म्हणाली. "मला ऐकू आलं होतं. मला खरंच ऐकू येतं. तुम्हाला उगाच उन्हात..."

फोन कोणीतरी ओढून घेतल्यासारखं खरखरलं. "बारकू बोलतोय." त्याने एवढं बोलून दम घेतला. "मला पण येतं. मी पोलवर चढलो ना, का खालनं हाक येते. बारक्या, उतर. मी उतरून बघतो. कोणी नसतं."

"मग?"

"मग परत चढतो."

त्याच्या मागे शेखर काहीतरी म्हणाला. बारकूने ते सांगितलं, "शेखर म्हणतो, त्याला आवाज नाय येत. पण तो संच लावल्यावर दोनदा हात लावून बघतो. पहिल्यांदा त्याचा हात, दुसऱ्यांदा हिरामणचा, असं त्याला वाटतं."

कोणी हसलं नाही. मग तिघांनी पुन्हा पहिल्यापासून नावं सांगितली, ती थांबली, वाऱ्याशिवाय काही आलं नाही. चार बावीसला तिने फीडर चालू केला. काटा हलला आणि स्थिर राहिला. ती वहीत लिहायला बसली तर हात नेहमीसारखा चालत होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तक्रार वरपर्यंत गेलीच. काम पूर्ण झाल्यावरही दोन तास बावीस मिनिटं वीजपुरवठा बंद का ठेवला, याचा लेखी खुलासा मागवला गेला. चैतालीने लिहिलं, 'लाइनवर कोणीतरी असल्याची मला शंका आली, म्हणून निर्णय माझा.' आवाजाचं तिने लिहिलं नाही. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं कोणत्या रकान्यात बसतं ते तिला कळलं नाही.

नाशिकच्या कार्यालयात मोठ्या साहेबांसमोर तिला आणि आयुषला उभं केलं तेव्हा टेबलावर चार कागद होते. साहेबांनी ते एकेक करून वाचून दाखवले. रंगनाथने लिहिलं होतं, 'वर माणूस असल्याची शंका मला आली, मीच ऑपरेटरला थांबायला सांगितले.' शेखरने लिहिलं होतं, 'मी ऑपरेटरला थांबवले.' चौथ्या कागदावर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत एकच ओळ होती. 'थांबा मी म्हणालो. बारकू.' बारकू कंत्राटी होता, उद्या नको म्हटलं तर उद्यापासून घरी. चैतालीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने खिडकीबाहेर नजर लावली, कारण समोर बघितलं असतं तर चेहरा आवरला नसता.

"चौघांना एकाच वेळी शंका आली?" साहेबांनी विचारलं.

आयुष खाकरला. त्याची मान लाल झाली होती. "हो साहेब. आता त्यांचं तसं आहे. एकाला आली की सगळ्यांना येते."

"आणि मिळालं काय तिथे?"

"काही नाही मिळालं, साहेब."

मोठ्या साहेबांनी चारही कागद फाइलला लावले. प्रत्येकाला समज देणारं एकेक पत्र निघालं. बारकूला त्याचं पत्र शेखरने वाचून दाखवलं. त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं, कारण कंपनीने त्याच्या नावाने काढलेला तो पहिलाच कागद होता.

बदलीचा आदेश जूनमध्ये आला. चैताली तो अर्ज विसरूनच गेली होती. तिला वाटलं, नको म्हणावं. पण शकुबाईचे गुडघे गेले होते, वडिलांना रोज दवाखान्यात न्यावं लागत होतं. ती अंबडला रुजू झाली. तिथले फीडर आखूड, रस्ते सरळ, खांब खिडकीतून दिसणारे. गँगही मोठी, आठ जणांची, गाडीतून फिरणारी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, प्रत्येकाने आपलं नाव स्वतः सांगायचं. "शाळा आहे का मॅडम, हजेरी घ्यायला?" कोणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. ती हसली नाही. महिनाभराने तेही हसायचे थांबले. नावं संपल्यावर ती थांबायची तेव्हा त्यांना वाटायचं, फोन कटला. "हॅलो? आहात ना?"

"आहे. थांबा जरा."

तिथे तिला आवाज कधीच आला नाही. आई विचारायची, आता झोप लागते ना? ती हो म्हणायची आणि ते खरंच होतं. तरी त्या थांबण्यात, कारखान्यांच्या भोंग्यांमागे, ती कान लावून ऐकत राहायची.

गणपतीच्या सुमारास रंगनाथचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. त्याच्या मुलीचं बारावीचं, लंकाबाईला अंगणवाडीत काम लागल्याचं, नव्या ऑपरेटरचं. राज नावाचा पोरगेला गडी, सटाण्याकडचा, कामाला चांगला.

"त्याला सगळं नीट सांगितलंत ना?" चैतालीने विचारलं. "नावांचं, नकाशाचं?"

"सगळं. नावं सांगून झाली का तोबी थांबतो. सांगितलंय तसं."

"आणि ते?"

"ते नाय सांगितलं. ते काय सांगायची गोष्ट हाय का?" रंगनाथ म्हणाला. "पण परवा त्यानंच विचारलं ताई. म्हणाला, रंगनाथभाऊ, तुम्ही तिघंच असता ना लाइनवर? मग नावं झाल्यावर तो चौथा कोण बोलतो?"

बाहेर गँगची गाडी फाटकातून आत आली. माणसं उतरत होती, दोर आणि संच खाली काढत होती. चैतालीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही काय सांगितलंत मग?"

"काय सांगणार? म्हटलं, हिरामण हाय तो. तो बोलला, का द्यायचा नाय सप्लाय. आम्हाला हाक मारायची. आम्ही बघून येतो."

"मग? मारली का त्याने हाक?"

"मारली ना. काल अख्खी दुपार हिंडलो." रंगनाथचा आवाज दमलेला होता आणि त्यात तक्रार नव्हती. "बारकू टेकडीकडनं गेला होता. कोणी नव्हतं."